पडदा का रुसतो?

विकत आणलेली वस्तू बिघडली की माणूस दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतो. घरी केलेली वस्तू बिघडली की घरातली माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. पापड लाटताना चिरला तर उडदाला दोष देता येतो, स्वेटरची बाही आखूड झाली तर लोकरीला. पण घरी बांधलेल्या यंत्राचा पडदा काळाठिक्कर राहिला तर बोल लावायला कोणी सापडत नाही. आत दिवा लुकलुकत असतो, आवाजही येत असतो, आणि पडदा मात्र मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखा ढिम्म! अशा वेळी घराघरांतून दोनच उपाय सुचवले जातात. एक, यंत्राच्या पाठीवर थाप मारणे; आणि दुसरा, बंद करून पुन्हा चालू करणे. हे दोन्ही उपाय करून थकलेल्या मंडळींसाठी आजचा हा लेख आहे.

यंत्र कसले, असे विचाराल, तर खेळाचे. नाणे टाकून खेळायची ती उभी कपाटे आठवतात ना? ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्या शहरांतूनही व्हिडिओ गेम पार्लरे निघाली होती, आणि शाळा चुकवून तिथे जाणाऱ्या चिरंजीवांचे कान पिरगाळण्याचे काम कित्येक वडिलांना करावे लागले होते. हे लोण अमेरिकेतून आणि जपानातून आले. १९७२ साली अटारी या अमेरिकन कंपनीसाठी अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण इंजिनियराने पाँग नावाचा खेळ बांधला. पडद्यावर दोन दांड्या आणि एक ठिपका. टेबल-टेनिसची नक्कल, एवढेच. त्यात संगणक नव्हताच. साध्या चिपा एकमेकींना जोडलेल्या, आणि पडदा म्हणून चक्क एक कृष्णधवल टीव्ही! योगायोग असा की त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी स्पेस इन्व्हेडर्स काढला. त्याच्या काही यंत्रांत कृष्णधवल पडद्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावून रंगांचा भास केलेला असे. आणि १९८० मध्ये नाम्को कंपनीच्या तोरू इवातानी यांचा पॅक-मॅन आला. चक्रव्यूहातले ठिपके गिळत भुतांपासून पळणारा तो पिवळा गोलोबा ठाऊक नाही असे घर विरळा.

ती कपाटे आता बहुतेक भंगारात गेली. परंतु हौसेला मोल नाही म्हणतात. जगभरची हौशी मंडळी ते जुने खेळ घरी पुन्हा बांधत असतात. जुन्या चिपा मिळेनाशा झाल्या, म्हणून एफपीजीए नावाची एक कोरी चिप घेतात. ही चिप म्हणजे कोरी पाटी समजा. तिच्यावर हवे ते मंडल मांडावे, पुसावे आणि पुन्हा मांडावे. माझ्या धाकट्या बंधूंच्या कन्येला हा नाद लागला. मी एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे या नादाला फूस माझीच, असा बंधूंचा पक्का समज आहे.

पुतणीचा हट्ट

पोरगी बारावीत. जुन्या बाजारातून तिने एका बंद पडलेल्या पार्लरचे कपाट पैदा केले. त्यात जाडजूड काचेचा मॉनिटर होता आणि एक गंजून गेलेला बोर्ड. बोर्डावरच्या स्मृतीच्या चिपा तेवढ्या शाबूत होत्या. त्या तिने जपून काढल्या, आणि बाकीचे सारे मंडल एफपीजीएवर स्वतः मांडले. चार महिने रोज रात्री जेवणे झाल्यावर तासभर, असे हे काम चालले होते.

बंधूंनी दोन अटी घातल्या. पहिली, काचेच्या त्या मॉनिटरला हात लावायचा नाही; त्यात हजारो व्होल्ट असतात हे त्यांनी कुठेसे वाचले होते, आणि ते खरेही आहे. दुसरी, धनत्रयोदशीपर्यंत पडद्यावर धड चित्र दिसले नाही, तर कपाट भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढेल. बारावीचे वर्ष आहे. बापाचे काही चुकत होते असे मला म्हणवत नाही.

तेव्हा तिने बंधूंच्या कचेरीतून निकालात निघालेला एक सपाट मॉनिटर आणला, तार जोडली आणि बटण दाबले. पडदा क्षणभर उजळला आणि त्यावर इंग्रजी अक्षरे उमटली : 'आउट ऑफ रेंज.' पुन्हा काळोख.

"जळलं तुझं यंत्र," बंधू म्हणाले.

"जळलेलं नाही," मी म्हणालो, "जिवंत आहे म्हणून तर तो बोलतोय."

ठाय आणि दुगुन

वाचकहो, इथे जरा थांबून एक हिशेब करू. पडद्यावरचे चित्र एकदम उमटत नाही. गृहिणी रांगोळीत ठिपक्यांची एक ओळ घालते, मग तिच्याखाली दुसरी, तसेच ते एकेक ओळ करून काढले जाते. तारांतून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग येतात. आणि त्यांच्याबरोबर एक चौथा इशारा येतो, त्याला सिंक म्हणतात. 'ओळ संपली, डावीकडे परत जा' आणि 'पान संपले, वर परत जा' हे सांगणे त्याचे काम. रंग म्हणजे गाणे, तर सिंक म्हणजे ताल.

पॅक-मॅनच्या बोर्डावर एक स्फटिक असतो. तो सेकंदाला १,८४,३२,००० कंपने देतो. त्याला ३ ने भागले की ६१,४४,००० होतात, हे ठिपके. एका ओळीत ३८४ ठिपक्यांचा वेळ जातो. त्यातले २८८ दिसतात आणि बाकीचे परतीच्या प्रवासात खर्च होतात. ६१,४४,००० ला ३८४ ने भागा : बरोबर १६,००० ओळी. एका चित्राला २६४ ओळींचा वेळ लागतो, पैकी २२४ दिसतात. १६,००० ला २६४ ने भागले की सेकंदाला साठाहून किंचित अधिक चित्रे मिळतात. चिरंजीवांना सुटीत हा भागाकार जरूर घालावा.

आपला जुना टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी काढी. म्हणजे हा खेळ आणि जुना टीव्ही एकाच घराण्यातले. पण १९८७ मध्ये आयबीएमने संगणकासाठी व्हीजीए नावाची पद्धत आणली, तिची चाल सेकंदाला सुमारे साडेएकतीस हजार ओळींची. पुढचे बहुतेक संगणकी मॉनिटर त्याच चालीपासून वर मोजू लागतात. म्हणजे गवई ठायीत गातो आहे आणि तबलजीला दुगुनीखाली वाजवताच येत नाही! मैफल बसायची कशी? सपाट मॉनिटर मग हात वर करतो आणि 'आउट ऑफ रेंज' म्हणतो.

पण ही तक्रार नव्हे, ही बातमी आहे. सिंक पोचलेच नसते तर मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणून झोपी गेला असता. त्याने ताल ऐकला, मोजला, आणि मगच नकार दिला. ऑसिलोस्कोप लावून पाहिले, तर ओळींचे सिंक बरोबर १६,००० होते. पोरीची मांडणी चोख होती; पडदाच निराळ्या लयीचा होता.

ऐकू न येणारी शिट्टी

आता मार्ग दोन. एक तर लय दुप्पट करायची, नाहीतर जुन्या चालीचा मॉनिटर घ्यायचा. आणि तो तर कपाटात होताच. पण त्याला हात लावायचा नाही ही अट. तेव्हा मी आमच्या शेजारच्या आजोबांचे नाव सुचवले. मुंबईला दूरदर्शन आले त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांनी टीव्ही दुरुस्तीचे दुकान टाकले होते. १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण आले, तेव्हा आमच्या भागातला रंगीत संच बिघडला की त्यांच्याकडेच जाई. पुढे सपाट टीव्ही आले आणि दुकान बंद पडले. गेली कित्येक वर्षे ते गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचीत.

"मास्तर, आता माझं काय काम?" ते म्हणाले. "जगच सपाट झालंय." पण आले. येताना हत्यारांची जुनी पेटी घेऊन आले.

पहिला तास त्यांनी कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. नळीच्या रंगीत मॉनिटरमध्ये वीस हजार व्होल्टांच्या घरातला दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही तो काही काळ नळीत दबा धरून बसतो. शिवाय पार्लरमधल्या बऱ्याच जुन्या मॉनिटरांचा सांगाडा विजेच्या तारेपासून अलग केलेला नसतो; म्हणून मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. आणि अमेरिकी-जपानी मॉनिटर शंभर-सव्वाशे व्होल्टांवर चालणारे. आपल्या २३० व्होल्टांना थेट जोडले तर दिवाळीआधीच फटाका! हे सारे पाहून, ट्रान्सफॉर्मर लावून, एक हात खिशात ठेवून त्यांनी बटण दाबले. खिशातला हात ऐटीसाठी नव्हता. दोन्ही हात यंत्रात असले तर धक्का छातीतून जाऊ शकतो. बंधू हे सारे दारात उभे राहून पाहत होते.

पडदा अजून काळाच होता. आजोबांनी कान पुढे केला आणि पुतणीला विचारले, "पोरी, शिट्टी ऐकू येते का गं?"

"हो आजोबा. अगदी बारीक. डास गुणगुणल्यासारखी."

"मला नाही येत आता," ते म्हणाले. "मास्तर, तुम्हाला?"

मलाही येत नव्हती. ओळी काढणारे मंडल सेकंदाला पंधरा-सोळा हजार वेळा धडधडते, आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर तितक्याच वेगाने थरथरतो. तरुण कानाला ती शिट्टी ऐकू येते. वय वाढले की वरचे सूर आधी हरपतात. एके काळी आजोबा नुसत्या शिट्टीवर सांगत, की या संचाचे ओळींचे मंडल चालते आहे की मेले आहे. आता ती शिट्टी ऐकायला सतरा वर्षांची पोर लागत होती, आणि तिचा अर्थ सांगायला सत्तरीचे आजोबा.

"शिट्टी आहे ना? मग अर्धं यंत्र जिवंत आहे," ते म्हणाले. "आता चित्राची तार लाव."

चित्र आले, पण काय चित्र! ओळी तिरप्या होऊन फाटलेल्या, आणि सगळे पान एका बाजूने पळते आहे. आजोबांनी दोन्ही व्याधी वेगळ्या केल्या. पान पळते म्हणजे पानाचे सिंक पोचत नाही. ओळी तिरप्या होतात म्हणजे ओळींची लय जमत नाही. पुतणीच्या बोर्डातून दोन सिंक दोन तारांनी बाहेर पडत होती, आणि मॉनिटरला सिंकचे टोक एकच होते. त्यावर सध्या ओळींची तेवढी तार होती. ७४८६ ही साधी चिप घेऊन तिने दोन्ही सिंक एकात गुंफली, आणि पान जागच्या जागी थांबले.

राहिल्या तिरप्या ओळी. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या मॉनिटरची स्वतःची लय सरकलेली असते. तिच्यासाठी आत एक फिरकी असते. तिला हॉरिझॉन्टल होल्ड म्हणतात. आजोबांचा हात आता कापतो. त्यांनी प्लास्टिकचा पेचकस पुतणीच्या हाती दिला, लांबूनच जागा दाखवली, तिचा दुसरा हात पाठीमागे ठेवायला लावला आणि म्हणाले, "सावकाश. पाकाची तार बघतात तसं." तिरपे पट्टे एकेक करून कमी झाले, आणि एका क्षणी सारे चित्र खट्‌कन स्थिर झाले.

स्थिर झाले, पण कुशीवर पडलेले! बंधू लगेच म्हणाले, "आडवंच आलं की!" पण हा दोष नव्हे. मॉनिटर अजून टेबलावर होता. पॅक-मॅनच्या कपाटात तो मुळातच कुशीवर बसवतात, म्हणजे चित्र उभे राहते.

भिंती कुणी नेल्या?

खरे विघ्न पुढेच होते. पिवळा गोलोबा दिसत होता, लाल भूत दिसत होते, पण चक्रव्यूहाच्या भिंतीच नाहीत! गुणांचे पांढरे आकडे पिवळे, आणि आकाशी भूत हिरवे. ज्यांना रंगांचा हिशेब ठाऊक आहे त्यांनी ओळखले असेल. पांढऱ्या उजेडातून निळा वजा केला की पिवळा उरतो. आणि भिंती तर निळ्याच असतात. म्हणजे निळा रंग बेपत्ता होता.

बंधू म्हणाले, "नळी म्हातारी झाली. आटोपतं घ्या." नळीतली निळ्या रंगाची बंदूक खरोखरच निकामी झाली असती तर सारा खेळ आटोपला असता, तशी नळी आता कुठून आणायची? खोलीत कुणी बोलेना. धनत्रयोदशी परवावर आली होती.

आजोबांनी वीज बंद करवली, थोडा वेळ जाऊ दिला, आणि मॉनिटरकडच्या टोकाला लाल आणि निळ्या तारांची अदलाबदल करायला सांगितली. "लाल भुताकडे बघा," ते म्हणाले. "नळीला निळं जमत नसेल तर भूत दिसायचं नाही. जमत असेल तर ते निळं होऊन येईल."

वीज सुरू झाली. पडदा तापायला काही सेकंद लागतात. तेवढे सेकंद फार लांबले. मग एका कोपऱ्यातून भूत निघाले. निळेशार!

नळी निर्दोष सुटली. उरले आरोपी दोन : बोर्ड आणि तार. तार काढून मल्टिमीटरने एकेक टोक तपासले. लाल बोलली, हिरवी बोलली, निळी गप्प. बाजारातून आणलेल्या त्या कोऱ्या करकरीत तारेत, वरून काही न दिसता, निळी वायर आतल्या आत तुटलेली होती. डाग देऊन नवी तार जोडली आणि चक्रव्यूहाच्या भिंती जागेवर आल्या. बंधू दारातून आत येऊन खुर्चीवर बसले, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

पडद्याची भाषा

पुढे पुतणीने सपाट मॉनिटरचाही प्रश्न सोडवला. बोर्डावर तिने दोन ओळींपुरती स्मृती मांडली. एकीत खेळाची ओळ ठायीत लिहिली जाते, तेवढ्या वेळात दुसरीतली आधीची ओळ दुगुनीत दोनदा वाचली जाते. १६,००० चे ३२,००० होतात आणि सपाट मॉनिटर खुशीने ताल धरतो. सुरुवातीला तिथेही चित्र काळवंडलेले येत होते. मॉनिटर प्रत्येक ओळीच्या सिंकनंतर क्षणभर थांबून 'काळा म्हणजे किती' हे मोजून घेतो. गवई षड्ज लावून घेतो तसेच. त्या क्षणी रंगाच्या तारांवर शून्य हवे. तिथे थोडा रंग उरलेला होता, म्हणून मॉनिटरचा षड्जच चढा लागत होता. दिसत नसलेल्या भागात रंग बंद केले, आणि चित्र उजळले.

ज्यांच्या घरी असा उद्योग चालू असेल त्यांनी पडद्याची भाषा ध्यानात ठेवावी. 'नो सिग्नल' म्हणजे सिंक पोचत नाही. आधी तार आणि जमिनीचे जोड पाहा. 'आउट ऑफ रेंज' म्हणजे सिंक आहे पण लय निराळी. पान वर-खाली पळते, तर पानाचे सिंक. चित्र तिरपे फाटते, तर ओळींचे. वरच्याच चार ओळी वाकतात, तर दोन सिंक नीट गुंफली गेलेली नाहीत. पांढरे पिवळे दिसले तर निळा गेला, आकाशी दिसले तर लाल गेला, जांभळट गुलाबी दिसले तर हिरवा गेला. आणि चित्र डोळे दिपवील इतके भगभगीत असेल, तर रंगांचा दाब जास्त आहे. चिपेतून तीन ते पाच व्होल्ट निघतात, व्हीजीए मॉनिटरला ०.७ व्होल्ट पुरतात. मधे हिशेबाने रोधक घालावे लागतात. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलण्याआधी काय दिसायला हवे ते बोलून ठेवावे. काचेची नळी मात्र जाणत्या माणसाशिवाय कुणी उघडू नये. सपाट मॉनिटर आणि दुगुन, हाच घरगुती मार्ग.

आणि जाणती माणसे शोधली तर सापडतात. आमच्या आजोबांकडे आता रविवारी सकाळी आणखी दोन मुले येऊन बसतात. हत्यारांची पेटी पुन्हा माळ्यावर गेलेली नाही. कपाट धनत्रयोदशीला हातगाडीवर चढायचे होते, ते आमच्या दिवाणखान्यात उभे आहे. पुतणी सांजवात झाली की मुकाट्याने अभ्यासाला बसते. यंत्रापुढून हाताला धरून उठवावे लागते ते माझ्या बंधूंना!